डाळीत कालवलेली गोळी

मुलाला बाहेरच्या बाकावर बसायला सांगितलं की दार लागल्या लागल्या तुमच्यापैकी कुणीतरी आवाज खाली आणतं. "मॅडम, कुटून डाळीत घातली तर चालेल का?" बहुतेकदा आईच विचारते. बाबा तेव्हा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत असतात, पण कान इकडेच असतात. घर अंबरनाथचं असो, बदलापूरचं असो की उल्हासनगरच्या पाच नंबरमधलं, प्रश्न फारसा बदलत नाही. सिंधी घर असेल तर डाळीच्या जागी कढी येते, एवढंच.

मी या प्रश्नावर रागावत नाही. कित्येक रात्री तुम्ही धड झोपलेला नसता. पोरगा रात्री दोनला कपाट उपसतो, बाबांच्या कार्डावरून मनाला येईल ते मागवतो, अडवलं तर अंगावर धावून येतो आणि गोळ्यांचं पाकीट दिसलं की म्हणतो, "आजारी तुम्ही आहात." अशा वेळी डाळीची वाटी हाच एक रस्ता उरलाय असं वाटलं तर नवल नाही. तरी माझं उत्तर 'नको' असंच असतं. त्यामागे नीतिमत्तेचे धडे कमी आणि औषधाचा व्यवहार जास्त आहे, म्हणून तो व्यवहारच आधी सांगते.

मूड स्टॅबिलायझर म्हणून दिल्या जाणाऱ्या बऱ्याच गोळ्या कुटण्यासाठी नसतातच. लिथियमची ४०० मिलिग्रॅमची गोळी पाहा. पाकिटावर नावापुढे 'एसआर' किंवा 'एक्सएल' लिहिलेलं असतं. म्हणजे औषध पोटात गेल्यावर तासन् तास थोडं थोडं सुटावं अशी तिची बांधणी असते. खलबत्त्यात घातलीत की ती बांधणी गेली. सगळा डोस एकदम रक्तात जातो. सोडियम व्हॅल्प्रोएटच्या गोळ्यांचंही तसंच. शिवाय डाळ अर्धी उरली तर औषध किती गेलं, याचा हिशेब ना तुमच्याकडे, ना माझ्याकडे. आणि चव लागतेच. उन्मादाच्या भरात आधीच संशयाने पछाडलेल्या मुलाला एक दिवस कळतं की आई जेवणात काहीतरी घालते. त्याचा संशय खरा ठरला ना? मग तो घरचं अन्नच सोडतो. पुढे त्याला पटवायला गेलेल्या आईवर, आणि माझ्यावरही, त्याने विश्वास का ठेवावा?

थोडं मागे जाऊ. बायपोलर आजार साधारण विशीच्या आगेमागे डोकं वर काढतो. आपल्या या पट्ट्यात त्याची एक पंचाईत आहे. उल्हासनगरात एकवीस वर्षांचा मुलगा एकाच वेळी जीन्सचा कारखाना, फर्निचरचं दुकान आणि एक्सपोर्टचं लायसन्स यांच्या गोष्टी करू लागला, तर घरचे घाबरत नाहीत, कौतुक करतात. "धंदा रक्तातच आहे," असं मला अभिमानाने सांगितलं गेलंय. बदलापुरात हेच स्पर्धा परीक्षेच्या अभ्यासाच्या रूपाने येतं: रात्र रात्र जागतोय, केवढी जिद्द! म्हणून मी योजनांविषयी नंतर विचारते, आधी झोपेविषयी विचारते. तीन तास झोपून तो सकाळी दमलेला उठतो की ताजातवाना? दमला असेल तर ती जिद्द असू शकते. दिवसामागून दिवस तीन तास झोपूनही अंगात वारं भरलेलं असेल, बोलणं कुणाला आवरत नसेल, पैसा हातातून सुटत असेल, तर तो आजार असण्याची शक्यता मोठी. आणि पूर्वी कधी महिना-दोन महिने तो अंथरुणातून उठलाच नव्हता, आंघोळ नको, मित्र नको, हे तुम्ही 'आळस' म्हणून विसरून गेला असलात, तर ते मला जरूर सांगा. त्यावरून औषध ठरतं. नुसत्या नैराश्यावरच्या गोळ्या अशा मुलाला एकट्याच दिल्या तर काही वेळा तो थेट उन्मादात जातो.

आता लिथियम. नाव ऐकल्यावर बाबा हमखास विचारतात, "बॅटरीतलं ते?" हो, तेच मूलद्रव्य, पण इथे ते क्षाराच्या रूपात असतं. आणि औषध नवंही नाही. कल्याण कॅम्पच्या बराकींचं उल्हासनगर झालं ते ८ ऑगस्ट १९४९ ला, राजगोपालाचारींच्या हस्ते कोनशिला बसली तेव्हा. त्यानंतर महिनाभरात, ३ सप्टेंबरला, ऑस्ट्रेलियाच्या एका वैद्यकीय नियतकालिकात जॉन केड या डॉक्टरचा उन्मादावर लिथियम वापरल्याचा लेख छापून आला. म्हणजे वयाने दोघं बरोबरीचेच. हा केड महायुद्धात जपान्यांच्या कैदेत राहून आलेला. मेलबर्नजवळच्या एका छोट्या इस्पितळात, जवळजवळ एकट्याने, त्याने दहा उन्मादी रुग्णांना लिथियम दिलं. त्यातला पहिला रुग्ण ५१ वर्षांचा, पाच वर्षं उन्मादातच असलेला, वॉर्डातला सगळ्यात त्रासदायक माणूस. १९४८ च्या मार्चमध्ये औषध सुरू झालं आणि जुलैमध्ये तो घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजूसुद्धा झाला.

ही गोष्ट इथवर सगळे सांगतात. मी पुढची सांगते, कारण तुमच्या कामाची तीच आहे. घरी गेल्यावर काही महिन्यांनी त्याने गोळ्या सोडल्या. वर्ष उलटायच्या आत तो पुन्हा त्याच वॉर्डात. औषध पुन्हा सुरू झालं, पण रक्तातलं लिथियम मोजण्याची सोय केडच्या हाताशी नव्हती, आणि १९५० मध्ये तो रुग्ण लिथियमच्याच विषबाधेने गेला. औषधाने माणूस उभा राहतो, सोडलं की पडतो, आणि न मोजता दिलं तर मरतोही. तिन्ही गोष्टी पहिल्याच रुग्णात दिसल्या.

आज मोजता येतं, म्हणून तर मी ते निश्चिंतपणे देते. सुरू करण्याआधी क्रिएटिनिन, थायरॉइड आणि कॅल्शियम पाहायचं. सुरू केल्यावर पाच-सात दिवसांनी रक्तातली पातळी बघायची, डोस बदलला की पुन्हा. घडी बसली की पहिलं वर्ष साधारण तीन महिन्यांनी, नंतर सहा महिन्यांनी. दीर्घकाळासाठी पातळी लिटरला ०.६ ते ०.८ मिलिमोल असली की बहुतेकांना पुरते. १.५ च्या वर गेली की विषबाधेचा प्रांत. म्हणजे फायदा आणि धोका यांच्यात फार अंतर नाही. आणि ही तपासणी शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनीच करायची असते. पहाटेची लोकल पकडणाऱ्या मुलाला हे कसं जमायचं? शनिवारी रात्री नऊला गोळी, रविवारी सकाळी नऊला लॅबमध्ये रक्त, आणि सकाळची गोळी असेल तर ती रक्त दिल्यावर. घाईत सकाळची गोळी घेऊनच रक्त दिलं तर आकडा फुगतो, डॉक्टर उगाच डोस कमी करतात आणि मग महिन्याभरात "औषध लागू पडत नाही" अशी तक्रार येते.

एका आईने मला विचारलं होतं, "क्षारच आहे ना, मग आपलं साधं मीठ कमी केलं तर बरं ना?" प्रश्न साधा, पण लाखमोलाचा. उलटं होतं. मूत्रपिंडाला सोडियम आणि लिथियम यांच्यात फारसा भेद करता येत नाही. अंगातलं मीठ-पाणी घटलं की ते लिथियमही धरून ठेवतं आणि रक्तातली पातळी चढते. त्यामुळे वजन वाढलं म्हणून एकाएकी मीठ बंद करायचं नाही. अंबरनाथच्या एमआयडीसीत भट्टीपाशी आठ तास घाम गाळणारा मुलगा, मे महिन्यात पत्र्याखाली जीन्स शिवणारा मुलगा, यांनी पाण्याची बाटली जवळ बाळगायलाच हवी. बदलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो हे मी कुणाला सांगायला नको. निर्जळी उपास नको. एकादशी असो, रोजा असो की चालीहोचे चाळीस दिवस, आधी विचारा. काही ना काही तोड निघते, देवही समजून घेतो असा माझा अनुभव आहे. पावसाळ्यात जुलाब-उलट्या सुरू झाल्या तर त्या दिवसापुरती गोळी थांबवून लगेच फोन करायचा. आणि अंगदुखीवर मेडिकलमधून ब्रुफेन, कॉम्बिफ्लाम, व्होवेरान आणायचं नाही, त्यानेही पातळी चढते. पॅरासिटामॉल चालतं. हात बारीक थरथरणं, तहान, वारंवार लघवी हे सुरुवातीला होतं आणि त्यावर उपाय असतात. पण थरथर जाडी झाली, चालताना झोक जाऊ लागला, जीभ जड झाली, उलट्या लागल्या, तर अपॉइंटमेंटची वाट न बघता इस्पितळ गाठायचं.

आता मला सांगा, यातलं किती डाळीतून देता येतं? ब्रुफेन घ्यायची नाही हे त्यालाच ठाऊक नसेल, तर पाठ दुखल्यावर तो घेणारच. थरथर सुटली तर ती कशाची, हे तो कुणाला सांगणार?

लॅमोट्रिजीन हे दुसरं औषध, नैराश्याचे झटके जास्त असलेल्यांना बरं पडतं. ते फार हळू चढवावं लागतं. पहिले दोन आठवडे २५ मिलिग्रॅम, पुढचे दोन ५०, आणि सोबत व्हॅल्प्रोएट चालू असेल तर त्याच्या निम्म्याने. ही सावकाशी अंगावर उठणाऱ्या पुरळासाठी. पुरळ बहुतेकदा साधं असतं, पण क्वचित ताप, तोंडात फोड, डोळे लाल अशी लक्षणं येतात आणि जिवावर बेतू शकतं. त्या क्षणी गोळी बंद आणि इस्पितळ. शर्टाखाली पोटावर उठलेलं पुरळ तेवीस वर्षांचा मुलगा आईला आपण होऊन दाखवेल का? का दाखवायचं हे माहीत असेल तरच. पाच-सहा दिवस गोळी चुकली तर पूर्वीच्या डोसवर उडी मारता येत नाही, पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

मुलीच्या आईवडिलांशी मला जरा जास्त वेळ बोलायचं असतं. व्हॅल्प्रोएट हे उन्माद झपाट्याने उतरवणारं औषध, म्हणून ते सर्रास लिहिलं जातं. पण गरोदरपणात ते चालू असेल तर साधारण दहापैकी एका बाळात जन्मजात व्यंग दिसतं आणि दहापैकी तीन-चार मुलं बोलण्यात, शिकण्यात मागे पडतात. बाळाच्या मणक्याची नळी गर्भ राहिल्यापासून चार आठवड्यांत बंद होते. पाळी चुकली हे लक्षात येईपर्यंत ती वेळ जवळपास टळून गेलेली असते. म्हणून वयात आलेल्या मुलीसाठी ते शक्यतो सुरूच करू नये, दुसरं काहीच चाललं नाही तर गर्भनिरोधनाची पक्की सोय करूनच द्यावं. हे वाचून कुणाची चालू असलेली गोळी उद्या सकाळी बंद करू नका. आधी लिहून देणाऱ्या डॉक्टरांना गाठा.

यावर तुमचा पुढचा प्रश्न मला पाठ आहे. "लग्न ठरेपर्यंत कुणाला कळायला नको ना?" शेजारी, वाडी, सोसायटी यांना सांगायची गरज नाही, तो तुमच्या मुलीचा खाजगी मामला. पण नवऱ्यापासून लपवून लग्न लावून दिलंत तर ती सासरी गोळ्या कुठे ठेवेल? पिठाच्या डब्यामागे. मग चुकतील, मग सुटतील, आणि बाळंतपणानंतर, जेव्हा हा आजार उलटण्याचा धोका सर्वांत जास्त, तेव्हा घरात कुणालाच काही कळणार नाही. आजाराची बाब लपवून केलेलं लग्न कोर्टात रद्द ठरवायचा प्रयत्न होऊ शकतो, हेही डोक्यात असू द्या. मला वाटतं, मुलाकडचा निवडक माणूस बरोबर घेऊन एकदा डॉक्टरांकडे यावं. काही स्थळं जातील. जाऊ देत.

मग औषधाचं त्याला सांगायचं कसं? पहिली गोष्ट, ते सांगणं तुमचं काम नाही, माझं आहे. तुम्ही बाहेरच्या बाकावर बसा, त्याला आत येऊ द्या. मी त्याला आधी त्याचाच त्रास विचारते. "तू आजारी आहेस" याने दार बंद होतं, "झोप लागत नाही, डोकं थांबत नाही, त्याचं काय करूया?" याने थोडं उघडतं. मग मुलं खरं बोलतात. एक ढोलपथकातला मुलगा म्हणाला होता, "गोळी घेतली तर माझ्या हातातला ताल जाईल." तुम्हाला वाटतं तो हट्टी आहे, आणि तो घाबरलेला असतो. वजन वाढेल? वाढू शकतं, पहिल्या महिन्यापासून लक्ष ठेवू. केस गळतील? व्हॅल्प्रोएटने काहींचे गळतात. सवय लागेल? नाही, ही झोपेची गोळी नव्हे. आयुष्यभर? हिशेब महिन्यांचा नाही, वर्षांचा आहे. किती, ते तुझे झटके किती आणि केवढे यावर ठरेल. आज घेतली तर उद्या बरं वाटेल? नाही, आठवडा-दोन आठवडे लागतील, तोवर झोपेसाठी वेगळं काही देते. तोटे मी आधी सांगते म्हणून आईवडील कधी कधी माझ्यावर नाराज होतात. "आता तो घेणारच नाही." पण हात थरथरण्याचं आधी ऐकलेला मुलगा फोन करतो, न ऐकलेला गोळी फेकतो. हे सगळं एका बैठकीत होत नाही. तो "विचार करतो" म्हणून गेला तर जाऊ द्या.

आणि तो कशालाच तयार नसेल, स्वतःच्या किंवा दुसऱ्याच्या जिवाला धोका असेल तर? तर उघडपणे दाखल करायचं. २०१७ चा मानसिक आरोग्य कायदा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्यात माणसाला स्वतःच्या उपचाराबद्दल आधीच लिहून ठेवण्याचा आणि आपल्या वतीने बोलणारी व्यक्ती नेमण्याचा हक्क आहे. अठराच्या आतल्यांसाठी ती व्यक्ती म्हणजे पालकच. अशा व्यक्तीच्या विनंतीवरून, ठरलेल्या अटींत, तीस दिवसांपर्यंत दाखल करता येतं. 'ठाण्याला नेऊ का?' हा आपल्याकडचा जुना टोमणा. १९०१ पासून उभ्या असलेल्या त्या इस्पितळाच्या नावाने पोरांना धमकावणं मात्र बंद करा. तिथे कधी खरंच जायची वेळ आली तर ते त्याला शिक्षा वाटायला नको. खर्चाची ओढाताण असेल तर ठाण्याला किंवा उल्हासनगरच्या मध्यवर्ती रुग्णालयात चौकशी करा. लिथियम आणि व्हॅल्प्रोएट दोन्ही सरकारच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. रात्री-अपरात्री काही सुचेनासं झालं तर टेलिमानसचा १४४१६ हा नंबर चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं.

घरी गोळ्या सुरू झाल्यावर तुमच्या वाट्याला काय येतं? पाकिटं एकरकमी त्याच्या हाती द्यायची की नाही हे त्याच्या त्या वेळच्या अवस्थेवर ठरवू, विशेषतः लिथियमचं, कारण एकदम घेतलं तर ते विष आहे. एरवी आठवड्याच्या खणांची डबी जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांना दिसेल अशी. बाबांच्या बीपीच्या गोळ्या शेजारीच असतात, तिथे लाज कसली? दोन-तीन दिवसांच्या गोळ्या ऑफिसच्या बॅगेत असू द्या. २७ जुलै २०१९ ला महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर-वांगणीच्या मध्ये पुरात अडकली होती, आपल्या लाइनीचा भरवसा कुणी द्यावा? रातपाळी टळत असेल तर टाळा. कंपनीच्या डॉक्टरला जनरल पाळीसाठी चिठ्ठी मी देते, बाकी निदान लिहायची गरज नसते.

एक वाक्य मात्र घरातून हद्दपार करा: "चिडलास म्हणजे गोळी घेतली नाहीस वाटतं." तो माणूस आहे, त्याला राग येणार. बहिणीने चार्जर नेला म्हणून आलेला राग हा आजार नाही. प्रत्येक हसण्या-रडण्याला गोळीचं माप लावलंत तर त्याच्याकडे स्वतःचं असं काहीच उरत नाही, आणि मग ते परत मिळवायला तो गोळीच सोडतो. झोप मोजा, खर्च पाहा, बाकी सोडून द्या.

कधी तरी, वर्षा-दोन वर्षांनी, सगळं छान चाललेलं असताना, तो म्हणेल, "मला आता बंद करायच्यात." जवळजवळ सगळेच म्हणतात. त्या दिवशी आरडाओरडा झाला तर तो पुन्हा म्हणणार नाही, करून मोकळा होईल. गोळ्या डबीतून रोज जातील आणि बेसिनमध्ये पडतील. लपवायचं कसं, हे त्याने आपल्याच डाळीच्या वाटीवरून शिकलेलं असतं. त्यापेक्षा, "चल, मॅडमना विचारू," इतकंच म्हणा. कदाचित मी नको म्हणेन, कदाचित आपण करून बघू. लिथियम झटकन तोडलं तर उन्माद दुप्पट जोराने परत येऊ शकतो, म्हणून किमान चार आठवडे, जमलं तर तीन महिने लावून उतरवायचं, दर पंधरा दिवसांनी भेटायचं, आणि झोप घटली की कुणी कुणाला फोन करायचा हे तिघांनी मिळून लिहून ठेवायचं. फक्त तो काळ परीक्षेचा, गणपतीतल्या जागरणांचा किंवा घरातल्या लग्नाचा नसावा, एवढ्यावर मी अडून बसते.